डबा पोचेल ते शहर

शिवकन्येनं दुपारी फॉर्म उघडला तेव्हाच तिच्या डोक्याला ताप झाला होता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम पाच वाजेपर्यंत भरायचा होता, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की मग बदल नाही. तिचं शहर ठरलेलं होतं, पुणं. तिला हवी ती शाखा तिथंच मिळत होती. पण फॉर्म लॉक करायचा ओटीपी येणार तिच्या वडिलांच्या, बब्रुवानच्या मोबाइलवर. आणि तो मोबाइल सकाळपासून वडिलांच्या कानाला चिकटलेला.

बब्रुवानचं येरमाळ्यात हायवेला चहाचं हॉटेल. एसटीचा निम्मा स्टाफ त्याच्या ओळखीचा. दुसऱ्या एखाद्या बापानं प्राध्यापकांना गाठून विचारलं असतं. यानं आठ दिवस ड्रायव्हर-कंडक्टरांना विचारलं. आणि काय विचारलं? शिक्षण कुठं चांगलं, हे नव्हे. कुठल्या गाडीतून डबा नीट पोचेल, हे!

"सोलापूरची गाडी खच्चून भरलेली येती, डबा ठिवाय जागा न्हाय," फोन ठेवत त्यानं निकाल दिला. "संभाजीनगरला पोचंस्तवर भाजी आंबती. लातूर बेस. साडेसातची गाडी. चाँदपाशा ड्रायव्हर सोताच्या पायापाशी ठिवतो म्हणला."

"आण्णा, मी शिकायला चाललेय का जेवायला?"

"उपाशी कोण शिकलंय?"

आता या माणसाशी बोलायचं तरी काय! मेस असते, कॅन्टीन असतं, मुली तिथं जेवतात आणि जिवंत राहतात, हे तिनं दहादा सांगितलं होतं. घड्याळात साडेचार झाले होते.

"अहो, मी रोज फोन करीन की!" ती जवळजवळ ओरडलीच. "सकाळ-संध्याकाळ करीन. मग तर झालं?"

बब्रुवाननं चहाचं पातेलं खाली उतरवलं.

"तुजा अमरदादा लातूरला व्हता तवा रोज फोनवर म्हणायचा, बरं हाय. आन् तीन दिस डबा भरलेला वापस आला. चौथ्या दिशी म्या गेलो, तर पोरगं खोलीत तापानं फणफणलेलं, उठाय बी येईना. फोनवर माणूस काय बी बोलतंय, बाय. डबा खोटं बोलत न्हाय."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दादा सुट्टीला आलाय, एवढंच तिला तेव्हा कळलं होतं. तिचा राग उतरू लागला आणि त्याचाच तिला जास्त राग आला. हा माणूस धड चिडूसुद्धा देत नाही.

पाचला दहा कमी असताना तिनं पुणं पहिल्या नंबरवर टाकलं आणि बटण दाबलं. बब्रुवानच्या हातातला मोबाइल वाजला.

"आण्णा, आकडे सांगा."

त्यानं चष्मा लावला, मोबाइल लांब धरला. "हे लातूरचं हाय का?"

"पुण्याचं आहे." खोटं बोलणं तिला जमलं असतं, पण आत्ता नाही. "दर रविवारी डबा पाठवा. दशम्या आणि शेंगाची चटणी. ते काही आंबत नाही. रिकामा डबा मी उलट्या गाडीनं लावून देईन."

बब्रुवाननं चष्म्यावरून हायवेकडं पाहिलं. पुण्याच्या गाडीवरचा कोण कोण त्याच्या डोळ्यांपुढून जात होता, ते तिला दिसत होतं. मग तो वाचू लागला. "सात. शून्य. तीन. तीन. आठ." आणि थांबला.

"अजून एक असेल, आण्णा. वेळ संपतेय!"

"आन् डबा भरलेला वापस आला तर?"

तसं होणारच नाही, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. दादाही हेच म्हणाला असता.

"तर तुम्ही निघून या."

"चार," बब्रुवान म्हणाला.