पाटावरची सायकल

मी आमच्या गावची पाटकरी. डोंगरातून येणारं पाणी वरच्या दारातून सोडायचं, चौदा किलोमीटर पाटाच्या कडेनं खाली यायचं, ज्याची पाळी त्यालाच पाणी जातंय ना ते बघायचं आणि ज्याला कमी मिळालं त्याच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. घोडा चालत नाही, खुरांनी बांध ढासळतो. पाटाला फुटणाऱ्या चाऱ्यांवर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून मोटारसायकल जात नाही. पायी गेलं तर दिवस मोडतो. म्हणून सायकल. नऊ वर्षं मी हे काम सायकलवर केलं आणि दोन वर्षांपूर्वी पडले.

जुनी चिनी सायकल मोडली म्हणून मी एका इंग्रजाकडून त्याची सायकल घेतली होती. कुठून कुठून फिरत तो आमच्या सरोवराच्या काठी आला होता आणि आता विमानानं घरी निघाला होता. सायकल दणकट, पोलादी, हिरवी. दोन दिवस सपाट रस्त्यावर मजेत चालवली. तिसऱ्या दिवशी वरच्या दाराखालच्या खडीच्या उतारावर ब्रेक दाबला आणि मी थेट हँडलवरून पलीकडे. खांद्याचं हाड मोडलं.

गावात सांगितलं, सायकलच भिकार निघाली. मनात मात्र पक्कं बसलं होतं की आपला हात गेला, सायकलवरचा ताबा सुटला. चौपन्नाव्या वर्षी जायचाच, असं स्वतःला समजावलं. हाड दोन महिन्यांत जुळलं, पण सायकलला काही हात लागला नाही. दोन हंगाम पायी काढले. पाणी खालच्या अंगाला पोचायला संध्याकाळ व्हायची. गेल्या वर्षी पाटाच्या अगदी शेवटच्या शेतातले जव उभ्याउभ्या वाळले. ते शेत माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात सून घेत नाही, म्हणून इथंही भाऊजीच. ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

वसंतातल्या गावसभेत गावातलाच मादानबेक उठला. त्याला पाटकरी व्हायचं होतं. फळ्यांच्या जागी सिमेंटचे पूल घालू, मग मोटारसायकल धावेल, असं त्याचं म्हणणं. शिवाय माझ्याकडे बघून म्हणाला, "बुबुसाराताई म्हणतात सायकल वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, पहिलं पाणी सुटेल त्या दिवशी मी वरच्या दारापासून शेवटच्या शेतापर्यंत दुपारच्या आत पोचायचं. नाही पोचले तर काम मादानबेकला.

रविवारी भाऊजी जनावरांच्या बाजाराला काराकोल शहराला निघाले होते. "चल," म्हणाले, "तुला वाहन बघू." गाडीत मागं दोन मेंढ्या आणि त्यांच्या शेजारी माझी हिरवी सायकल आडवी घातली होती, तीही विकून टाकू म्हणून. निघण्याआधी त्यांनी तिची घंटी काढून खिशात टाकली. आमच्यात घोडा विकताना दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं की बरकत घरी राहते.

मेंढ्या लवकर गेल्या. तिथंच उभ्याउभ्या आंबट-तिखट थंड शेवयांचं अशलान-फू खाल्लं आणि इस्खारच्या अंगणात गेलो. इस्खार हा तिथला सायकलींचा कारागीर, दुंगान, म्हणजे पूर्वी चीनमधून आलेल्या मुसलमानांपैकी, चाळिशीचा, कमी बोलणारा. भाऊजी सायकलींमधून घोड्यांमधून फिरावं तसे फिरले. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जाड स्प्रिंगा असलेली एक होती. तिला दाबून बघून म्हणाले, "हिचं पोट सुटलंय." दुसरीची चाकं बोटाएवढी बारीक. "ही शर्यतीची. चिखलात हिचे पाय मोडतील."

इस्खारनं मलाच विचारलं, डांबर किती, खडी किती, आणि उचलावी किती वेळा लागते? हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, डांबर पाच, खडी सहा, बांधावरची माती तीन आणि फळ्या अकरा. म्हणजे अकरा वेळा खांद्यावर, तो म्हणाला, मग स्प्रिंगांचं ओझं कशाला? तुमचं हाड मोडलेलं. टायर तीन बोटं रुंद हवं आणि हवा जरा कमी, की खडी तेच गिळतं. डांबरावर थोडं जड जाईल, तेवढं सोसायचं. चढाला हलका गिअर मात्र हवाच. असं म्हणून त्यानं तिसरी पुढं केली, राखाडी, साधी, रुंद टायरची. "अंगणात एक चक्कर मारा, ताई."

मी हँडल धरलं. बसलेच नाही. तिला हातात धरून अंगणभर फिरवली. सीट उंच आहे म्हणाले. त्यानं खाली केली. रंग मेला बरा नाही म्हणाले. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"रंगाचं काय लावलंयस, बुबुसारा?"

"मला भीती वाटते, भाऊजी." दोन वर्षांत पहिल्यांदा हे तोंडातून बाहेर आलं, आणि तेही परक्या माणसासमोर. "सायकलीला मी उगाच नावं ठेवली. माझाच हात गेलाय."

इस्खारनं विचारलं, कशी पडलात? मी सांगितलं, नेहमीसारखंच, उतारावर डावा हात मोकळा ठेवून उजवा ब्रेक दाबला, मागचा.

"मागचाच कशावरून?"

"उजवा म्हणजे मागचा. लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे."

"सायकल कोणाची होती?"

"एका इंग्रजाची. बाहेर गाडीत पडलीय."

तो उठला, सायकल आत घेऊन आला. मागचं चाक वर उचलून हातानं गरकन फिरवलं आणि मला म्हणाला, "दाबा तुमचा उजवा." मी दाबला. चाक फिरतच राहिलं. मी आणखी जोरात दाबला. फिरतच राहिलं. "आता डावा." चाक जागच्या जागी थांबलं.

"त्यांच्याकडे उजवा पुढचा असतो, ताई," इस्खार म्हणाला. "खडीच्या उतारावर एकट्या पुढच्या चाकाला अडवलंत, तर मीही पडलो असतो."

मी पायरीवर बसले आणि रडायलाच लागले, आणि रडतारडता हसूही यायला लागलं. पाठीवरून दोन वर्षांचं गोणतं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं. माझा हात गेला नव्हता. म्हातारी झाले होते, पण हात गेला नव्हता. सपाटीवर दोन्ही ब्रेक एकदम दाबत होते, म्हणून पहिले दोन दिवस काही कळलंच नव्हतं.

भाऊजींनी स्वतः ते चाक एकदा फिरवून बघितलं. "पडल्यावर घोड्याला दोष देणाऱ्यांना मी जन्मभर हसलो," ते म्हणाले. "तुलाही मनातल्या मनात हसलो. या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं गं."

मग मी डोळे पुसून राखाडीकडे बघितलं आणि हिरवीकडे बघितलं. हिरवीच्या चिमट्यात रुंद टायर मावेल का, विचारलं. इस्खारनं बोटं घालून पाहिली. मावेल म्हणाला, गिअरही हिचे हलकेच आहेत, आणि वजनाला ती राखाडीपेक्षा फारशी जड नाही. त्याला नवी विकता आली असती, तरी त्यानं हे सांगितलं, याबद्दल त्याचं भलं होवो. तासाभरात त्यानं ब्रेकच्या तारांची अदलाबदल केली, नवी टायरं चढवली. अंगणात मी तीन चकरा मारल्या. पहिलीत कोंबडीवर जाणार होते. भाऊजींनी खिशातून घंटी काढली आणि स्वतःच्या हातानं हँडलवर बसवली.

दहा दिवसांनी सकाळी सात वाजता वरचं दार उघडलं. खडीच्या त्या उताराशी येऊन थांबले. भीती वाटतच होती, खोटं कशाला सांगू? बिस्मिल्ला म्हणून सुटले आणि उजवा ब्रेक हळूहळू दाबत गेले. मागचं चाक खडीत जरासं सरकलं, सावरलं, आणि उतार संपला. एवढाच होता तो. दोन वर्षं मला डोंगराएवढा वाटत होता.

मग चाऱ्या एकेक बघत, दोन ठिकाणी चोरून उघडलेली दारं लावत आणि अकरा वेळा सायकल खांद्यावर घेत खाली आले. शेवटच्या शेताशी म्हातारी मंडळी बसली होती. मादानबेक मोटारसायकलला टेकून उभा होता. मी लांबूनच घंटी वाजवायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. एका म्हाताऱ्यानं घड्याळ बघितलं, अकरा वाजून वीस मिनिटं. मादानबेकनं माझ्या टायरवर बोट दाबून पाहिलं आणि हवा कमी आहे म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

भाऊजी फावडं टेकून बांधावर उभे होते. "पाणी कुठाय?"

"मागनं येतंय," मी म्हटलं. "मी पुढं आले."

ते हसले. गेल्या वर्षी वाळलेल्या जवांबद्दल आता तरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाटाच्या कोरड्या तळातून वाळकी पानं ढकलत पाणी दिसायला लागलं.

"ते राहू दे," भाऊजी म्हणाले. "आधी दार उघड."