चित्राखालची ओळ

“अहो बाई, चित्र वर आहे! वर बघा की जरा.”

जुन्या बाजारात ताडपत्री पसरून बसणारा फिदेन्सियो असं ओरडला की शेजारचे दोन-तीन विक्रेते हसायचे. दर रविवारी हसायचे. तोमासा त्यांच्याकडे लक्ष न देता ताडपत्रीशेजारी उकिडवी बसायची आणि जुन्या कॅलेंडरांच्या थप्पीचा फक्त खालचा काठ उचलून उचलून बघायची.

“चित्र तुम्हीच बघा. मला खालचं वाचू द्या.”

“खाली काय असतंय? खाटकाचा पत्ता! सगळी दुनिया माझ्याकडे राजकन्येच्या मांड्या बघायला येते, आणि ही बाई खाटकाचा पत्ता शोधते.”

“तुमच्या राजकन्येला थंडी वाजत असेल. झाका तिला.”

पुन्हा हशा पिकला. तोमासाचा हात मात्र थप्पीच्या मधोमध थांबला होता. होडीत बसलेली एक मुलगी, मांडीवर गिटार, होडी पांढऱ्या फुलांनी भरलेली. खाली, तारखांची गड्डी जिथे टाचलेली असते तिथे, दोन गंजक्या टाचण्या आणि त्यांच्या वर लाल शाईत छापलेली ओळ: ‘सेफेरिनो बारागान यांचे केशकर्तनालय, चौकात, कारंज्यासमोर, सान मार्सियाल. आमच्या गिऱ्हाइकांना नवे वर्ष सुखाचे जावो.’

तिने ती वाचली. मग कोणी हिसकावून घेईल अशा घाईने कागदावर तळहात ठेवला. फिदेन्सियोने सांगितलेली किंमत तिने घासाघीस न करता दिली, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

“काय सापडलं?”

“माझे वडील,” ती म्हणाली आणि उठली.

सान मार्सियाल आता नाही. नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. तोमासा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. गावातले दुकानदार दर वर्षाअखेरीला गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायचे. उन्हाळ्यात छापखान्याचा माणूस नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन यायचा. कोणी ज्वालामुखी पसंत करायचा, कोणी बेशुद्ध राजकन्येला उचलून नेणारा योद्धा, कोणी ग्वादालुपेची देवमाता. डिसेंबरात गठ्ठे यायचे, खाली ज्याच्या त्याच्या दुकानाचं नाव छापून. सेफेरिनो न्हाव्याला हा खर्च कधी परवडला नव्हता. त्या एका वर्षी त्याने धीर केला आणि ही होडी निवडली.

गठ्ठा आला तोवर गाव उठवायला आलेली सरकारी माणसं घराघरावर चुन्याने आकडे टाकून गेली होती. तरी सेफेरिनोने कॅलेंडरं वाटली. दाढी झाली की गालावरचा साबण पुसायचा, कॅलेंडर गुंडाळून हातात द्यायचा आणि म्हणायचा, “नवं वर्ष सुखाचं जावो.” लोक त्याला डिवचायचे. “सेफेरिनो, एवढी चित्रं सोडून होडी रे कशाला निवडलीस? तूच बोलावलंस पाणी!” तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. पुढचं गिऱ्हाईक बसवायचा. नंतर राजधानीत येऊन तो दुसऱ्याच्या दुकानात शेवटच्या खुर्चीमागे उभा राहून केस कापत राहिला आणि तसाच एक दिवस गेला. घरासाठी ठेवलेलं कॅलेंडर येतानाच ट्रकमध्ये भिजून गेलं होतं.

तोमासाने लग्न केलं नाही. एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर तिची उमर गेली. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग होते. एकदा ती धरण बघायला गेली. काठावर तळलेले मासे विकत होते आणि मोटरबोटीत बसलेली पोरं किंचाळत होती. ती पहिल्याच बसने परत आली. त्याच्यानंतर कधीतरी बाजारात तिला गावच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर सापडलं. गावची म्हातारी माणसं मरत होती आणि त्यांच्या ट्रंकांतलं सामान मुलं विकून टाकत होती. मग ती दर रविवारी बाजारात जायला लागली. बेकरी सापडली, औषधाचं दुकान सापडलं, खाटीक सापडला, लोखंडी सामानवाला सापडला. फक्त होडी सापडत नव्हती.

लॉन्ड्रीच्या शेजारच्या गल्लीत अमान्सियो मास्तर फ्रेमा बनवायचा. साधुसंतांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, कोणाच्या पदव्या. विधुर होता, साठीच्या आसपासचा. दुपारच्या सुट्टीत तोमासा त्याच्या दुकानात बसून डबा खायची आणि तो कॉफी करायचा. दोघांत बोलणं बेताचंच. ती जुनी चित्रं जमवते हे त्याला ठाऊक होतं; कशासाठी, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

जूनअखेरीस संत मार्सियालचा दिवस येतो. गावची राजधानीत पांगलेली माणसं त्या दिवशी एका चर्चच्या सभागृहात जमतात, एकत्र जेवतात. होडी मिळाल्यावर तोमासाने ठरवलं, या वर्षी सगळी कॅलेंडरं तिथे दोरीवर चिमट्यांनी लावायची. तिच्या खोलीचं छप्पर गळत होतं म्हणून तोवरचे आठ-दहा दिवस सगळ्यांची गुंडाळी करून तिने अमान्सियोकडे ठेवायला दिली.

“नीट ठेवा हं, मास्तर.”

“डोळ्यांत तेल घालून,” तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती गेली तेव्हा अमान्सियो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दारातच उभा होता.

“आधी डोळे मिटा.”

“हे काय पोरखेळ?”

“मिटा तर खरं.”

त्याने तिला आत नेलं. डोळे उघडले तर भिंतीला टेकून सगळी चित्रं ओळीने उभी. प्रत्येकाला पिवळसर लाकडाची नवी फ्रेम, वर स्वच्छ काच. ज्वालामुखीवरचा बर्फ कालच पडल्यासारखा दिसत होता. होडीतल्या मुलीचे गाल तोमासाने पहिल्यांदाच नीट बघितले. तिला हसू आलं. मग तिची नजर सवयीने खाली गेली.

“खालचं कुठे आहे?”

“खालचं काय?”

“नावं, मास्तर. दुकानांची नावं.”

“ती जाहिरात होय? अहो, काठ पार फाटले होते, टाचण्यांचा गंज उतरला होता. सरळ रेषेत कापून टाकलं. बघा ना, आता कशी श्रीमंत दिसतात!”

“कापलेलं कुठाय?”

अमान्सियोची मान कोपऱ्याकडे वळली. तिथे छोट्या शेगडीवर सरसाचं भांडं होतं. दुकानातली कात्रणं तो नेहमी त्याच शेगडीत घालायचा.

तोमासा शेगडीपुढे बसली आणि राखेत बोटं घातली. राख गार होती. कोळसा झालेला एक तुकडा हाताला लागला, तो चिमटीतच चुरला. अमान्सियो मागे उभा होता. “काय होतं त्यात?” असं त्याने दोनदा विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. पाठ फिरवूनच सांगितलं, गाव, पाणी, न्हाव्याचं दुकान, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही. वळून बघितलं तेव्हा तो स्टुलावर बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

“मला वाटलं, तुम्हाला चित्रं आवडतात,” तो म्हणाला.

ती हात पुसून निघून गेली. डबा तिथेच राहिला.

तीन-चार दिवस त्याने वाट बघितली. मग डबा घेऊन तो लॉन्ड्रीच्या काउंटरशी आला. आत वाफेत ती चादरींना इस्त्री करत होती.

“तोमासाबाई, रागवा तरी माझ्यावर.”

“रागावून अक्षरं उगवणार आहेत?”

“मग मी काय करू ते सांगा.”

“काही करू नका, मास्तर. तुम्ही फार केलंत.”

तिने पुढची चादर ओढली. तो डबा काउंटरवर ठेवून गेला.

संताच्या दिवशी तोमासा मोलेच्या तिखट रश्शाचं पातेलं घेऊन सभागृहात गेली, नुसतीच. चित्रांचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. बायका मक्याच्या तोर्तिया तव्यावर गरम करत होत्या, पुरुष गुडघेदुखीच्या गप्पा मारत होते. दर वर्षी दोन-तीन खुर्च्या कमी लागत. किराणावाली पेत्रोनिला कामाचो मात्र नव्वदीतही नेमाने यायची. डोळे जवळजवळ गेलेले, पण जीभ शाबूत.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा दारात हातगाडीचा खडखडाट झाला. अमान्सियो. गाडीवर गोधड्यांत गुंडाळलेल्या फ्रेमा. तोमासा ताडकन उठून दाराशी गेली.

“कशाला आणलंत हे?”

“तुमची चीज आहे. माझ्या दुकानात ठेवायला मला तोंड नाही. नको असेल तर परत नेतो.”

तिला ‘न्या’ म्हणायचं होतं. पण खाटकाचा मुलगा लिब्रादो, आता स्वतःच टक्कल पडलेला, तोवर गोधडी उचकटून बसला होता. “अरे! हा योद्धा आपल्याकडचा! पेत्रोनिलामावशी, तुमच्या दुकानात होता!” बघता बघता फ्रेमा भिंतीवरच्या खिळ्यांवर गेल्या, उरलेल्या खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. माणसं ताटं टाकून उठली.

लिब्रादो वाकून वाकून बघत होता. “तोमासा, खाली तर काहीच नाही की! नावं कुठे गेली?”

तोमासा पुढे झाली आणि फ्रेम सरळ करू लागली.

“मी कापली,” अमान्सियो म्हणाला. तो दाराशीच उभा होता, टोपी हातात. “यांनी मला जपून ठेवायला दिली होती. मी शोभा यावी म्हणून कापली आणि जाळली. मला माहीत नव्हतं. पण कापली मीच.”

स्वयंपाकाच्या बाजूला तवा तडतडत होता.

“कोण आहे रे तो?” पेत्रोनिलाने विचारलं. “मेल्या, माझं नाव जाळलंस?”

“होय, बाई.”

“जिवंत बाईचं?”

“होय.”

म्हातारीने काठी जमिनीवर दोनदा आपटली. मग म्हणाली, “तोमासा, मला त्या चित्रापाशी ने. जपलंस म्हणजे वाचलं असशीलच ते कितीदा तरी. पाठ असेल की. म्हण.”

तोमासाने तिला योद्ध्यापुढे उभं केलं. लाकडाच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “‘ला एस्पेरान्सा. विधवा कामाचो यांचे किराणा भुसार दुकान. मेणबत्त्या, साबण, चांगली दारू. चर्चच्या बाजूला, सान मार्सियाल. टेलिफोन चार.’”

“पाच,” मागून कोणीतरी म्हणालं.

“चार!” पेत्रोनिला गरजली. “पाच औषधवाल्याचा. मी त्याला शिव्या द्यायला रोज फोन करायचे, मला नको शिकवूस.”

“औषधवाला चर्चच्या बाजूला होता, तुम्ही कोपऱ्यावर, मावशी.”

“कोपऱ्यावर तुझा बाप झिंगून पडायचा!”

आणि मग सभागृहात एकच गलका झाला. बेकरीच्या दारात चिंचेचं झाड होतं की पेरूचं, कारंज्याला पाणी होतं की ते नेहमी कोरडंच, खाटकाची पाटी लाल की निळी, सगळे एकमेकांना खोटं पाडत होते. एकेक जण तोमासाला आपल्या चित्रापुढे ओढून नेत होता. “आमचं म्हण.” ती म्हणत होती. लिब्रादोने बापाची ओळ ऐकताना फ्रेमेवर कपाळ टेकलं. होडीपुढे ती पोचली तेव्हा कोणी सांगितलं नसताना सगळे आपोआप थांबले. तिने वडिलांची ओळ म्हटली. ‘नवे वर्ष सुखाचे जावो’ इथपर्यंत, पुरी म्हटली.

“हात हलका होता सेफेरिनोचा,” एक म्हातारा म्हणाला. “कधी कापलं नाही मला.”

निघायच्या वेळी पेत्रोनिला आपल्या चित्रापासून हलेना. “हे मी घरी नेऊ?” तिने विचारलं.

तोमासाने योद्ध्याकडे बघितलं. ते कॅलेंडर मिळवायला तिने किती रविवार घातले होते. पण आता तिच्या खोलीत तो नुसता योद्धाच असणार होता. कामाचोंच्या भिंतीवर ते कामाचोंचं राहिलं असतं. नातवंडांना कोणी ना कोणी सांगितलं असतं.

“न्या, मावशी,” ती म्हणाली.

एक दिल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? बेकरी बेकरीवाल्याच्या मुलीने नेली. ज्वालामुखी औषधवाल्याच्या नातवाने डोक्यावर घेतला. लिब्रादोने आपलं चित्र बायकोच्या शालीत गुंडाळलं. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं त्यांची चित्रं शेजाऱ्यांनी मागून घेतली. “आमची भिंत एक होती,” लोखंडी सामानवाल्याचं चित्र नेताना एक बाई म्हणाली. जाताना माणसं अमान्सियोशी बोलली नाहीत, पण पेत्रोनिलाने त्याच्या पुढ्यात थांबून काठीने त्याच्या बुटावर टोचलं. “फ्रेम भक्कम आहे ना रे?”

“भक्कम आहे, बाई.”

“मग झालं.”

तोमासाने पातेलं घासून घेतलं. बाहेर ऊन कलतं झालं होतं, रस्ता नुकत्याच पडून गेलेल्या सरीने ओला होता. अमान्सियो गाडी घेऊन कोपऱ्यावर उभा होता. तिला हाक मारायचा त्याला धीर होत नव्हता आणि निघून जाववतही नव्हतं. ती आली, पातेलं गाडीवर ठेवलं, त्याच्याशेजारी होडीचं चित्र आडवं ठेवलं आणि गाडीच्या बाजूने चालू लागली. त्यानेही गाडी ढकलायला सुरुवात केली.

गोधड्याही चित्रांबरोबर गेल्या होत्या; जवळजवळ रिकामी गाडी दगडी रस्त्यावर फार आवाज करत होती. धक्क्याधक्क्याला काच फ्रेमेत थरथरायची. थोडं पुढे गेल्यावर तोमासाने खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि चित्राखाली सारली. अमान्सियोने चाल हळू केली. ती मग घरापर्यंत एक हात काचेवर ठेवूनच चालत राहिली.