तळ्यात उतरलेला पाणदेव

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनात आख्यान लावण्याआधी बुवा मागच्यांनाही पुढे बोलावतात ना, तसे या. एक गोष्ट सांगतो. हळूच सांगेन, कारण मला अजून भीती वाटते.

मी एक जुना दगड आहे. दारव्ह्याजवळच्या एका गावतळ्याच्या हद्दीचा. काठाला लागून शेत असलेल्या उकंडाच्या आज्याने मला तिथल्या पळसाखाली रोवले. तळे तुडुंब भरले की पाणी जिथवर येई, तीच ही जागा. माझ्या खाली पाणी, माझ्या वर गवताचा मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात कोणी नांगर घालत नसे. तिथे टिटवी अंडी घाली आणि शेतातून येणारे गढूळ पाणी गवतात निवळून तळ्यात उतरे.

लोकांनी मला शेंदूर लावला. पाणदेव म्हणू लागले. माझ्यासमोर टाळ वाजत, भजने होत. मला ते फार आवडे, खोटे कशाला सांगू? पण माझी भीती त्या मायेतूनच सुरू झाली.

पावसाने दडी मारली, कापसाची बोंडे अळीने पोखरली, अशी वर्षे आली. तळे आटत चालले. लोक म्हणाले, देवाला पाणी दाखवू, म्हणजे तो ते वर बोलावील. त्यांनी मला वाजतगाजत उचलले आणि खाली पाण्याच्या कडेला नेऊन बसवले. पुढल्या साली पाणी आणखी हटले, तसा मीही आणखी खाली. परत वर न्यायचे कोणाला सुचले नाही. देव बसला तिथे हद्द, त्याच्या वरचे सगळे शेत, असेच होऊन बसले. उकंडाने थेट माझ्या पाठीपर्यंत कापूस लावला. गाळाची जमीन, तेवढाच कापूस तरारला.

मग फवारणी सुरू झाली. औषधाचे थेंब माझ्या शेंदरावरून ओघळत पाण्यात जात. एका सकाळी दोन बदके उलटी तरंगताना पाहिली. गावातल्या म्हाताऱ्या जैबुनबीची म्हैस पाणी पिऊन तिथेच बसली. वाचली, पण दूध आटले.

“काहून रे उकंडा,” जैबुनबी म्हणाली, “तुह्या देवाले पाय फुटले का? दरसाली खालती सरकून राह्यला.”

“पानी पाह्याले गेला, चाची.”

“पानी पाह्याले, का तुहा कापूस राखाले?”

उकंडा हसला. पण त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देईना.

कापूस वेचणीला आला तेव्हा पाणथळ जागांची नोंद करायला सरकारकडून एक मॅडम आल्या. पाणी भरते ती हद्द ठरणार, तिच्याबाहेर राखीव पट्टा सुटणार आणि बाकीची जमीन शेतीला मोकळी होणार होती.

“तळं पूर्ण भरलं की पाणी कुठपर्यंत येतं?” त्यांनी विचारले.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवून हात जोडले. “देवापर्यंत.”

मित्रांनो, तेव्हा मी भीतीने गार पडलो. माझ्यापासून मोजले, तर अर्धे तळे कायमचे शेत होणार. आणि साक्षीला कोण? मीच. ओरडावे तर गोष्टीबाहेर मला वाचा नाही. मॅडमनी टेपचे टोक माझ्या डोक्यावर टेकवले.

जैबुनबी उकंडाकडे पाहत होती. “तुह्या आज्यानं रोवला होता,” ती एवढेच म्हणाली.

उकंडाने कापसाकडे पाहिले. मग खाली वाकून त्याने मला खांद्यावर घेतले.

“देव इथला नाही, मॅडम. आमीच आनला.”

तो उभ्या कापसातून चढू लागला. बोंडांतला कापूस माझ्या शेंदराला चिकटत होता. पळसाखाली माझा जुना खड्डा होता. त्याने मला त्यात बसवले.

“आन तो पट्टा?” धापा टाकत त्याने विचारले.

“याच्याही वर,” मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे माहा सारा कापूस तळ्यातच.” तो खाली बसला. “या सालचा येचून घेऊ देसान?”

मॅडमनी मान हलवली.

आता मी पळसाखालीच आहे. पुढे गवत उगवले, टिटवी परतली. तरी पाऊस लांबला आणि दूरवर टाळ ऐकू आले, की माझा जीव दडपतो. पुन्हा कोणी प्रेमाने न्यायला आले तर? माझी पूजा करा, मित्रांनो, नाही केली तरी चालेल. पण मला हलवू नका.

आणि कीर्तन ऐकून घरी निघताना तळ्याकाठून जाल, तेव्हा पांढऱ्या कापसातून देव खांद्यावर घेऊन चढणाऱ्या उकंडाची एकदा आठवण काढा.