कपबश्यांचं दुकान का बंद पडलं?

पुडीकाकांची पाठ दुखते, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. फक्त पाठीलाच ठाऊक नव्हतं.

कपबश्यांचं दुकान बंद करून त्यांना दोन महिने झाले होते. जिन्यात जो भेटेल त्याला काका सांगायचे, "अहो, धंदा धो धो चालला होता! पण डॉक्टर म्हणाले, खोकी उचलाल तर कायमचे आडवे व्हाल." आणि मग कमरेवर हात ठेवून असे काही कण्हायचे, की ऐकणाऱ्यानं धावत जाऊन खुर्ची आणावी. पुड्या सोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका दुपारी त्यांची पुतणी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आली. कॉलेजचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय: धंदे का बुडतात. बंद पडलेल्या दुकानांचे मालक शोधून ती कारणं विचारत फिरत होती.

"किती जण झाले?" काकांनी विचारलं.

"अठरा. अकरा जणांची तब्येत बिघडली, चौघांना मुलांनी आपल्याकडे बोलावून घेतलं आणि तिघांना कंटाळा आला. काका, माझ्या अभ्यासाप्रमाणे या शहरात आजवर एकही धंदा बुडालेला नाही!"

काका खो खो हसले. "मग लिही की तसं! पहिला नंबर येईल."

"हसा तुम्ही. मॅडम म्हणाल्या, हे दुकानांचं संशोधन आहे की दवाखान्याचं? फॉर्म परत दिलेत सगळे." तिनं एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. "तुम्ही तरी खरं लिहा."

काकांनी पेन उघडलं आणि झोकात लिहिलं: पाठदुखी.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "काल कपाट सरकवलंत ते कुणाच्या पाठीनं? शेजाऱ्यांची मागून आणली होतीत का?"

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिवणताई दारात उभ्या. घरी बसून पडदे, अभ्रे शिवणाऱ्या. चेहरा नुसता फुललेला.

"भाऊ, तुम्हालाच आधी सांगायला आले. तुमचीच जागा घेतेय! उद्या सही. पडद्यांचं दुकान टाकते. म्हटलं, तुम्ही सांगता ना, दारात सदा शंभर माणसं उभी असतात. अठरा वर्षं शिवून जमवलं ते सगळं घालतेय, पण तुमच्या शब्दावर बिनघोर आहे बघा!"

काका पेनाचं टोपण लावत बसले. ताई गेल्या.

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "दारातली शंभर माणसं खरी होती?"

"खरी होती गं. बसस्टॉप आहे तो. सगळी बसची वाट बघत उभी. मला वाटलं, एवढी माणसं, दहातला एक तरी आत येईल! अडीच वर्षांत लोकांनी मला एकच गोष्ट मागितली. सुट्टे पैसे."

"मग ताईंना सांगा ना!"

"काय सांगू? की अख्ख्या बिल्डिंगमध्ये मीच एक येडा? लोक तोंडावर हसतील."

"बरं, तुमच्या आधी तिथे कोण होतं?"

"खेळणीवाला. चांगला चालला होता म्हणे. पण त्याला मुलानं बोलावून घेतलं, म्हणून..."

काका मधेच थांबले.

"काय झालं?"

"अगं, त्याचं लग्नच झालेलं नव्हतं!"

काकू हसू दाबत आत गेल्या. पुतणी मात्र हसली नाही. "त्यानं खरं सांगितलं असतं, तर तुम्ही बुडाला नसतात. आता तुम्ही गप्प राहिलात तर ताई बुडतील. आणि ताईही उद्या कुणाला तरी पाठदुखीच सांगतील! धंदा बुडणं हा गुन्हा नाही, काका. पण कारण लपवलं, की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो."

काकांनी चपला घातल्या.

संध्याकाळी सहाला शिवणताईंना आणि पुतणीला घेऊन ते दुकानासमोर उभे राहिले. फुटपाथ गच्च भरलेला. ताई खूश. "बघा, काय गर्दी!"

"थांबा हां," काका म्हणाले, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन बोंबलले, "आलीऽऽऽ!"

सगळी गर्दी रस्त्याकडे धावली. दुकानाच्या दारात एक चिटपाखरू उरलं नाही. बस काही आली नव्हती. लोक मागे वळले आणि काकांच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले.

"ही आपली गिऱ्हाईकं, ताई," काका त्या शिव्यांमध्ये उभे राहून म्हणाले. "पाठ ठणठणीत आहे माझी. धंदा बुडाला. सपशेल बुडाला!"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "दोन महिने जिन्यात भेटताय, आणि हे आज सांगताय? तुमच्या लाजेपायी माझी अठरा वर्षं गेली असती, भाऊ!"

काकांची मान खाली गेली. आज एकही पुडी सुचेना.

ताई फुटपाथच्या कठड्यावर टेकल्या. "बसा. आता पहिल्या दिवसापासून सगळं सांगा. काय काय चुकलं तुमचं?"

काका सांगत गेले, पुतणी लिहीत गेली. काय माल भरला, कुणाचं ऐकलं, कधी कळलं आणि कळूनही किती महिने रेटलं. मंडळी, गंमत बघा. जी गोष्ट काकांनी दोन महिने तोंडातून निघू दिली नव्हती, तीच कुणीतरी वही उघडून, जीव लावून ऐकत होतं!

ताईंनी सही केली नाही. आठवडाभर त्या वेगवेगळ्या रस्त्यांवर उभ्या राहिल्या आणि थांबणारी माणसं सोडून दुकानात शिरणारी माणसं मोजली. शेवटी नव्या घरांच्या ओळीत, जिथं खिडक्या अजून उघड्याबोडक्या होत्या, तिथं एक छोटी जागा घेतली.

इकडे काका पुतणीबरोबर पुन्हा त्या अठरा जणांकडे गेले. बसल्याबरोबर आधी स्वतःचंच सांगायचे, "माझं दुकान असं असं बुडालं." मग समोरचा उठून दार लोटून घ्यायचा आणि म्हणायचा, "खरं सांगू का? माझंही..."

तर मंडळी, आपणही कुठे ना कुठे आपटलेले असतोच. ते झाकून ठेवलं तर आपली अब्रू वाचते असं फक्त आपल्यालाच वाटतं. सांगून टाकलं, तर दुसऱ्याचं घर वाचतं. म्हणून कुणी विचारलं की खरं कारण सांगा, आणि सांगणाऱ्याला हसू नका. त्याच्यासमोर वही उघडून बसा!