थोडक्यात मास्तर

आमच्या घरी दर बुधवारी जमणाऱ्या प्रार्थनागटात एके काळी चौदा माणसं होती. शेजारणीच्या खुर्च्या मागून आणाव्या लागत. मग मास्तर निवृत्त होऊन गटात आले, आणि वर्षभरात उरलो चौघं: मी, माझी नणंद, मास्तर आणि त्यांची बायको.

मास्तर भूगोलाचे. "थोडक्यात प्रार्थना करतो," असं म्हणून डोळे मिटायचे आणि एकेक खंड घेत पुढे सरकायचे. आफ्रिका येईतो चहा गार. एकदा ते दक्षिण अमेरिकेत असताना शिंपीकाका झोपेत खुर्चीवरून घरंगळले. मास्तरांनी डोळे न उघडता त्यांनाही प्रार्थनेत घेतलं. काका पुन्हा आले नाहीत.

एके दिवशी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, महिनाअखेरच्या बुधवारी येतो. आठ डोकी दिसली नाहीत, तर तुमचा गट कंत्राटदारांच्या गटात मिसळून टाकू."

कंत्राटदार राहायचे चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे दुसऱ्याच मजल्यावर राजीनामा देत. गट वर गेला असता आणि मी खाली, बुधवारभर भिंतीकडे बघत.

"वहिनी, मास्तरांना तू सांगतेस की मी कुकर लावू?" नणंदेने विचारलं.

"कुकर कशाला?"

"तिसऱ्या शिट्टीला मी आमेन म्हणणार. मोठ्याने."

तिने खरंच लावला. मास्तर आशियात होते. तिसरी शिट्टी झाली, नणंद "आमेन!" म्हणून ओरडली. मास्तर म्हणाले, "आणि प्रभू, या कुकरसाठीही तुझे आभार," आणि युरोपात शिरले.

शेवटी मीच त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "मास्तर, जग देवानेच केलंय. त्याला नकाशा कशाला दाखवता?"

ते कप विसळत राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं वर्गात बोललो, बाई. आता घरी तोंड उघडलं की ही म्हणते, 'कळलं.' इथे पाळकांनी पाठवलेले बायबलवरचे प्रश्न, एकेका ओळीत उत्तर. डोळे मिटले की तेवढं कोणी मध्ये तोडत नाही."

"कळलं!" बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

मी पाळकांचे प्रश्न फडताळात टाकले आणि नवा नियम केला: पहिला अर्धा तास उघड्या डोळ्यांनी बोलायचं, आणि मास्तरांना मध्येच तोडायला पूर्ण परवानगी. ही बातमी पसरली आणि माणसं परत आली. काही तर तेवढ्यासाठीच. शिंपीकाका सगळ्यांत आधी. मास्तर बोलत, काका तोडत, दोघं हमरीतुमरीवर येत. त्या गोंधळात पोस्टमनची बायको, जी कधी ब्र काढत नसे, एकदा म्हणाली की तिला नवऱ्याच्या खोकल्याची भीती वाटते. मास्तरांनी फक्त त्या खोकल्यासाठी प्रार्थना केली. दोन ओळी.

महिनाअखेरीला पाळकसाहेब आले, तेव्हा अकरा डोकी होती. साहेबांना गहिवरून आलं. "गट इथेच राहू दे," ते म्हणाले. "मी थोडक्यात समारोपाची प्रार्थना करतो."

नणंद हळूच उठून आत गेली.

तिसऱ्या शिट्टीला सगळे एका सुरात "आमेन" म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांचा होता.