सहा जणांची दुरदृष्टी

नवरा मला शंकासुर म्हणतो. दूधवाला एखाद्या सकाळी जरा गोड बोलला, तर मी त्या दिवशीचं दूध दोनदा वास घेऊन बघते म्हणे. बघते, बघणारच. अडचणीतल्या कंपन्यांची झाडाझडती घेणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि भोळ्या माणसाला ते काम कोणी देत नाही.

या वेळची कंपनी दवाखान्यात खाटेशेजारी ठेवतात ती नाडी मोजणारी यंत्रं बनवायची. पेशंट ठणठणीत असला तरी यंत्रं बोंब ठोकायची, म्हणून दवाखाने ती परत पाठवत होते. परत आलेली खोकी बैठकीच्या खोलीतसुद्धा छतापर्यंत रचलेली होती. गुंतवणूकदारांनी मला एकच प्रश्न दिला होता: प्रमुखाला ठेवायचं की काढायचं? तुम्ही सांगाल ते करू.

मी सहा संचालकांना प्रश्नावली पाठवली. नाव घालू नका, मनातलं लिहा, असं बजावलं. सहाही उत्तरं वेळेवर आली आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. संचालक, आणि वेळेवर! सगळ्यांनी प्रमुखाची बिनपाण्याने केली होती. हेकट आहे, घाई करतो, आणि मुख्य म्हणजे 'दुरदृष्टी नाही'.

माझे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. 'दूर'मधला ऊ दीर्घ, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. इथे सहाही जणांनी तो ऱ्हस्व लिहिला होता. एखादा चुकेल, दोघं चुकतील, पण सहा जण? म्हणजे लिहिणारा हात एकच. प्रमुखाचा काटा काढायला कोणीतरी टपलं होतं.

मी आधी त्या सहांपैकी अध्यक्षांना गाठलं.

"प्रमुख? अहो, हिरा आहे तो!" मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले.

"मग प्रश्नावलीत वेगळं कसं लिहिलंत?"

"कुठली प्रश्नावली? हां, ती होय! भरली ना, भरली."

हा माणूस एक तर पक्का नट होता, नाही तर त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. तशीच प्रमुखाच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर एक यंत्र पोट उघडून पडलं होतं आणि तो त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून बसला होता. मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पुढच्या वर्षाची दुरदृष्टी'.

"हे अक्षर तुमचं?" मी फळ्यावर बोट ठेवलं.

"हो. का, चुकलंय?"

"सहा वेळा."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मॅडम, ते कुठलाच कागद वाचत नाहीत. पाच वर्षं ठराव मी लिहितो, ते सह्या करतात. तुमच्या प्रश्नावल्याही माझ्याकडेच आल्या, 'तूच भरून टाक' म्हणून. माझ्याबद्दलच्या! तीनदा राजीनामा दिला. तोही कोणी शेवटपर्यंत वाचला नाही. मग म्हटलं, निदान यात तरी खरं लिहू."

"म्हणजे मला कीव यावी म्हणून?"

"सुटका व्हावी म्हणून."

माझा विश्वास बसला नाही. पडेल चेहरा कोणालाही करता येतो. घरी येऊन मी अहवालाचा मसुदा केला आणि सहा संचालक नि प्रमुख अशा सातही जणांना पाठवला, 'वाचून, मान्य असल्यास सही करावी.' तिसऱ्या पानावर मधोमध एक वाक्य घातलं: 'हे सहाही जण न वाचता सही करतात, त्यांना घरी बसवावं.'

संध्याकाळपर्यंत सहा सह्या हजर. अध्यक्षांनी तर 'उत्तम अहवाल' असा शेराही मारला होता. मी एकटीच खो खो हसले. मग त्या यंत्रांशेजारी झोपलेली माणसं आठवली आणि इतका संताप आला की कागद भिरकावून दिले.

सातवी प्रत दुसऱ्या दिवशी आली. तिच्यावर सही नव्हती. तिसऱ्या पानावर 'सहाही' खोडून पेन्सिलीने 'सातही' केलं होतं. समासात लिहिलं होतं, 'यंत्राच्या चाचणी अहवालावर मीही न वाचताच सही केली होती.'

ती पेन्सिलीची ओळ मी दोनदा वाचून बघितली. संशय घ्यायला जागाच सापडेना. मग पक्का अहवाल लिहिला: सहा जणांना काढा, प्रमुखाला ठेवा.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज पार थकलेला होता.

"मॅडम, मला सुटायचं होतं हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आधी ती खोकी उघडा. एकूण एक यंत्र दुरुस्त करा. मग राजीनामा लिहा आणि माझ्याकडे पाठवा. मी वाचेन."