नळीबाबाचा प्रसाद

हडपसरच्या मांजरी रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी महाराजांच्या सत्संगाला पाय ठेवायला जागा नसे. कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार असत, तसेच गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले आयटीवालेही असत. महाराज काचेच्या दोन नळ्या उंच धरीत. दोन्हींत एकाच भक्ताचं रक्त. खाली लाल गोळा, वर पाणी. पहिल्या नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं, अकरा दिवसांनंतरच्या नळीतलं स्वच्छ पिवळं.

"चरबी वितळली! रक्तवाहिन्या मोकळ्या! आता गोळ्या कशाला?" असं ते म्हणाले की वाजलाच शंख. लोक त्यांना नळीबाबाच म्हणत.

जयाच्या वडिलांनी, रंगरावांनी, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या थेट गटारात टाकल्या.

"दवाखान्याचा कागुद कुणाला कळतोय? हितं माझं रक्त म्या डोळ्यांनी बघितलंय."

"अण्णा, बीपी वाढलेलं दुखत नाही, कळत नाही."

"मग हाय कुठं ते?"

जया हडपसरच्या एका लॅबमध्ये रोज पन्नास जणांचं रक्त काढायची. पण घर की मुर्गी दाल बराबर! तिनं पुन्हा गोळ्या आणल्या, त्याही गटारातच गेल्या.

गोळ्या सोडल्यावर विसाव्या दिवशी रंगराव भाजी घेता घेता कोसळले. रक्तदाब दोनशे दहा, कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद, मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबलेली. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

जयाला स्वतःचाच संताप आला. प्रत्येक पेशंटला "उपाशीपोटी आलात ना?" विचारणाऱ्या तिला, महाराज रक्त केव्हा काढतात हे अण्णांना विचारायचं सुचलं नव्हतं. आता अण्णा सांगू शकत नव्हते. सांगितलं शेजारच्या सुंदराबाईंनी. त्यांचे यजमानही तिथलेच भक्त.

"पहिल्या दिवशी साजूक तुपाचा शिरा पोटभर, मग चार तास भजन, मग रक्त. अकराव्या दिवशी मात्र कडकडीत उपास."

जयानं कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी ती लॅबमधल्या रिकाम्या नळ्या आणि सुया घेऊन थेट व्यासपीठावर चढली. महाराजांचे पट्टशिष्य रावसाहेब आडवे आले. "बाई, तुमच्या वडिलांची श्रद्धा कमी पडली."

"असेल. आपली तर पक्की आहे ना? सकाळपासून काही खाल्लंत?"

"प्रसादाआधी आम्ही चहासुद्धा घेत नाही!"

"मग द्या हात."

एवढ्या गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? नळीत स्वच्छ पिवळं पाणी सुटलं. मग जयाच्या सांगण्यावरून रावसाहेबांनी प्रसादाचा तुपाचा शिरा पोटभर खाल्ला, चार तास भजन झालं, जयानं पुन्हा रक्त काढलं. या वेळी वर पांढरं दूध! महाराज पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले, ते आलेच नाहीत.

"ही जेवणातली चरबी," जया म्हणाली. "उपास केला की ती आपोआप ओसरते. ज्यांची नळी पांढरी होत नाही, त्यांना हे वर बोलावतच नाहीत. आणि रक्तवाहिन्या बुजवणारं कोलेस्टेरॉल नळीत डोळ्यांना दिसतच नाही. माझ्या अण्णांची दुसरी नळी लख्ख होती."

"पण आमच्या ह्यांनी गोळ्या सोडल्यात गं," सुंदराबाई रडवेल्या झाल्या.

"आत्ता रिक्षा करा, डॉक्टरकडे न्या. दुखत नाही म्हणून आजार गेला असं मानू नका. बीपी मोजा, रक्त तपासा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला आधी विचारा, हे कधी मोजलं, कसं मोजलं?"

सुंदराबाई हातातला द्रोण टाकून धावल्या. त्यांच्यामागून पाचपन्नास माणसं उठली. बाकीची शिऱ्याच्या रांगेत पुढे सरकली.